याफोच्या शूकात आपली भांडी



इस्राएलातला सगळ्यात नावाजलेला जुना बाजार म्हणजे याफोचा शूक हापिशपेशीम. आपल्यातल्या बहुतेकांनी तो एकदा तरी पाहिला असेल. बालमित्रांसाठी आधी नावाची गंमत सांगतो. या नावाचा सरळ अर्थ ‘ढेकणांचा बाजार’. पॅरिसमध्ये जुन्या सामानाच्या बाजाराला पिसवांचा बाजार म्हणत, कारण जुन्या गाद्या आणि कपडे घेतले की त्यांच्याबरोबर पिसवाही फुकट घरी यायच्या. ते नाव पुढे जगभर गेलं. हिब्रूत येताना मात्र पिसवेचा ढेकूण झाला! हिब्रूत पिसू म्हणजे पारोश आणि ढेकूण म्हणजे पिशपेश. पण ‘लेफशपेश’ म्हणजे उचकाउचक करणं, धुंडाळणं. तेव्हा नाव चुकलं असलं तरी अगदी बरोबर बसलं.

याफोच्या घड्याळाच्या मनोऱ्याजवळ हा बाजार भरतो. तुर्की सुलतान दुसरा अब्दुल हमीद याच्या कारकिर्दीला पंचवीस वर्षं झाली, त्याप्रीत्यर्थ हा मनोरा बांधला गेला. त्याच्याकडे पाठ करून पूर्वेकडच्या गल्ल्यांत शिरलं की बाजार सुरू. ओलेई त्सियोन ही त्यातली मुख्य गल्ली. १९४८ नंतर याफोत बल्गेरिया, तुर्कस्तान, ग्रीस आणि उत्तर आफ्रिकेतून आलेली मंडळी राहायला आली. गालिच्यांच्या दुकानांत इराणी घराण्यांतले लोक दिसतात, शेजारी याफोचे अरब व्यापारी. एका गल्लीत पाच भाषा कानावर पडतात.

या बाजाराबद्दल आज लिहायचं कारण असं. आपल्या समाजाचा त्याच्याशी दोन बाजूंनी संबंध येतो. एक, आपण तिथे काहीतरी घ्यायला जातो. दुसरी बाजू फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. ती अशी की, आपल्या घरातलं सामान आता तिथे विकायला जातं. या अंकासाठी आम्ही तीन वेळा याफोला गेलो, आणि दोन्ही बाजू पाहून आलो.

माल येतो कुठून?

विकणाऱ्यांचे दोन वर्ग आहेत. पक्क्या दुकानांत फर्निचर, गालिचे, झुंबरं. मधल्या मोकळ्या जागेत जमिनीवर चादर अंथरून बसणारे लोक. खरी मजा चादरीवर. तिथे एका बुटाशेजारी टेलिफोन, टेलिफोनवर कुणाचा तरी चष्मा, चष्म्याखाली हानुक्किया, आणि डब्यात सुटी नाणी. त्या नाण्यांत जुने लिरा दिसले. १९८० साली लिरा जाऊन शेकेल आला, आणि १९८५ साली हजार शेकेलचा एक नवा शेकेल झाला, हे आपल्या ज्येष्ठांना चांगलं आठवत असेल. पगार हातात पडेपर्यंत भाव वाढायचे ते दिवस! आता त्या पैशांचा ढीग मूठ-मूठ करून विकतात.

माल मिळवायची रीत जुनीच आहे. रस्त्याने ‘आल्टे झाखेन’ अशी आरोळी ठोकत गाडी फिरते. हे शब्द यिद्दिश, अर्थ ‘जुन्या वस्तू’. आज ही आरोळी देणारे पुष्कळदा अरब असतात, पण शब्द यिद्दिशच राहिले. पूर्वी घोडागाडी असायची, आता छोटा टेम्पो आणि त्यावर भोंगा. आपल्याकडे नव्हता का, ‘जुनंपानं, रद्दी, डबा-बाटली’ असं ओरडत जाणारा? त्याचाच हा इथला भाऊ.

पण बाजारात येणारा चांगला माल रस्त्यावर मिळत नाही, तो घरांतून मिळतो. चादरीवाल्या एका गृहस्थांनी आम्हाला समजावून सांगितलं. म्हातारं माणूस जातं. मुलं लांब राहतात. फ्लॅट महिनाअखेर रिकामा करायचा असतो. मग फोन येतो. हे माणसं घेऊन जातात, सगळ्या घराचा एक भाव ठरतो, आणि कपाटापासून चमच्यापर्यंत सगळं एका दिवसात उचललं जातं. आम्ही विचारलं, “त्यात आत काय आहे ते घरचे बघत नाहीत?” ते म्हणाले, “सोनं बघतात. पैसे बघतात. बाकी बघायला वेळ कुणाला आहे?”

हे त्यांनी वाईट बोलण्यासाठी सांगितलं नाही. त्यांचा तो धंदाच आहे. धंदा सोपाही नाही. पहाटे माल मांडायचा, ऊन असलं तरी तिथेच, पाऊस आला की सगळं झाकायचं. कधी दिवसभरात जेवणाचे पैसे सुटत नाहीत. आजूबाजूला आता कॉफीची दुकानं, कपड्यांची महाग दुकानं आणि रात्री उघडणारे बार झाले आहेत. गर्दी वाढली, पण ती फोटो काढून जाते, असं ते म्हणाले.

भवानी आणि सिफ्ताख

मुंबईच्या आपल्या लोकांना हा बाजार परका वाटायचं कारण नाही. मांडवीच्या इस्राएल मोहल्ल्यात, १७९६ साली बांधलेल्या आपल्या जुन्या मशिदीच्या, म्हणजे शाआर हारहामीमच्या आसपास जे वाढले, त्यांना चोर बाजार पायी जाण्याच्या अंतरावर होता. मटन स्ट्रीटवर हरवलेली वस्तू परत विकत मिळते, अशी थट्टा मुंबईत सगळेच करतात. काही म्हणतात मूळ नाव ‘शोर बाजार’, आरडाओरड्यावरून पडलेलं, इंग्रजांच्या तोंडी त्याचा ‘चोर’ झाला. पुण्याच्या रास्ता पेठेतल्यांना बुधवारचा आणि रविवारचा जुना बाजार माहीत. घासाघीस आम्ही तिथेच शिकलो.

म्हणून याफोत आम्हाला एक गोष्ट लगेच ओळखू आली. सकाळचं पहिलं गिऱ्हाईक आलं की दुकानदार त्याला रिकाम्या हाताने जाऊ देत नाही. पहिल्या विक्रीला इथे सिफ्ताख म्हणतात. शब्द अरबीतून आला, अर्थ सुरुवात, उघडणं. हीच आपली भवानी! आपल्याकडचा दुकानदार भवानीची नोट कपाळाला लावायचा. इथे एकाने ती ओठांना लावलेली आम्ही पाहिली. देश वेगळा, भाषा वेगळी, पण नशिबाला पटवायची रीत एकच.

घासाघिशीचे नियमही तेच आहेत. आमच्यातल्या ज्येष्ठ बाईंनी ते तरुणांना असे सांगितले:

जी वस्तू हवी, तिच्याकडे आधी बघायचं नाही. शेजारच्या वस्तूचा भाव विचारायचा.

‘कामा झे ओले?’ विचारल्यावर जो आकडा येईल, त्यावर हसायचं नाही आणि रागवायचंही नाही. नुसतं ‘हं’ म्हणायचं.

‘मेखीर अखारोन’, म्हणजे शेवटचा भाव, हा शेवटचा नसतो.

दोन पावलं चालू लागायचं. तिसऱ्या पावलाला हाक आली नाही, तर भाव खरा होता असं समजायचं आणि लाज न बाळगता मागे यायचं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, वस्तू काय आहे ते आपल्याला कळलंय हे विकणाऱ्याला कळू द्यायचं नाही.

गंमत म्हणजे हा शेवटचा नियम बाईंनी स्वतःच मोडला. त्याची हकिगत पुढे येते.

सोखनुतची खाट

आधी एका खाटेबद्दल सांगितलं पाहिजे. एका दुकानात लोखंडी खाट ठेवली होती. साधी, बारीक पायांची, जाळीची. रंग खरवडून नवा पांढरा रंग दिलेला. आमच्याबरोबरचे एक काका तिच्यासमोर उभे राहिले ते हलेचनात. ती सोखनुतची खाट होती. ज्यू एजन्सीने नव्याने आलेल्यांना दिलेली, हीच ती. काकांनी १९५० नंतरच्या त्या वर्षांत, तंबूत आणि पत्र्याच्या खोलीत, अशाच खाटेवर रात्री काढल्या होत्या. “तेव्हा ही कधी एकदा घराबाहेर काढतो असं झालं होतं,” ते म्हणाले. “पहिला पगार साठवून लाकडी पलंग आणला तेव्हा हिला अंगणात फेकली.” दुकानात एक तरुण जोडपं तीच खाट बाल्कनीत ठेवण्यासाठी बघत होतं. भाव ऐकून काका म्हणाले, “एवढ्यात तर आमचं लग्न झालं असतं.”

पुढच्या दुकानात पतीलिया होती. वातीची रॉकेलची शेगडी. इथे आल्यावर आपल्या आयांनी तिच्यावर भात शिजवला, मासळीचं कालवण केलं. रॉकेलचा वास भाताला लागायचा आणि मुलं तोंडं वाकडी करायची. आता तिच्यात फुलं ठेवून ती खिडकीत मांडतात.

आम्हाला याचं वाईट वाटलं नाही, हसूच आलं. गरिबीची वस्तू महाग झाली, कारण तिची गोष्ट सगळ्या देशाला माहीत आहे. शाळेच्या पुस्तकांत तंबूंची चित्रं आहेत, म्हणून खाटेला भाव आहे. ज्या वस्तूची गोष्ट कुणाला माहीत नाही तिचं काय होतं, हे आम्हाला थोड्याच वेळात दिसलं.

विळीचा भाव

दुसऱ्या फेरीला, सकाळी सकाळी, एका चादरीवर आम्हाला विळी दिसली. लाकडी पाट, वाकडं पातं, टोकाला खवणीचे दाते. विकणारे गृहस्थ इराणी घराण्यातले. त्यांच्या मते ते चामडं कापायचं हत्यार होतं. भाव चाळीस शेकेल.

इथे बाईंना राहवलं नाही. त्यांनी वर्तमानपत्र पसरलं, खाली बसल्या, पाटावर एक पाय ठेवला आणि हवेत नारळाची वाटी धरून खवून दाखवू लागल्या. लोक जमले. दोन मुलांनी फोनवर चित्रण केलं. बाई हिब्रूत आणि मराठीत एकदमच सांगत होत्या: पात्यावर भाजी कशी चिरायची, मासा कसा कापायचा, खोबरं कसं खवायचं, त्याचं दूध कसं काढायचं, आणि रोश हाशानाचा चिकाचा हलवा त्या दुधाशिवाय कसा होतच नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मग बाईंनी पाकीट काढलं. गृहस्थ शांतपणे म्हणाले, “एकशे वीस.”

“अहो, आत्ता तर चाळीस म्हणालात!”

“तेव्हा मला ते काय आहे माहीत नव्हतं.”

बाईंनी त्यांना अस्सल मराठीत जे सुनावलं ते इथे छापत नाही. शेवटी त्यांना सिफ्ताखची आठवण करून दिली, आणि साठ शेकेलला विळी मिळाली. गृहस्थांनी नोटा घेतल्या आणि म्हणाले, “मागच्या महिन्यात अशा आणखी दोन होत्या. भंगारात लोखंडाच्या भावाने गेल्या. तुम्ही आधी यायला हवं होतं.”

बाईंचा राग तिथेच उतरला. परत येताना त्या फारसं बोलल्या नाहीत. त्या दोन विळ्या कुणाच्या असतील? कुठल्यातरी आजीने अलिबागहून किंवा पेणहून, कपड्यांत गुंडाळून, सामानात जागा करून आणलेल्या.

कळशीवरची अक्षरं

तिसऱ्या फेरीत कळशी सापडली. तांब्याची, काळी पडलेली, आत छत्र्या खोचलेल्या. विकणारा तरुण म्हणाला, “होदूची आहे, देवळातली. ही बघा, वर मंत्र कोरलाय.”

तो मंत्र नव्हता. आपल्याकडे लग्नात भांडी देताना त्यावर ठिपक्या-ठिपक्यांनी नाव घालत, ते होतं. आम्ही रुमालाने पुसून वाचलं. देणाऱ्याचं नाव, पुढे कोकणातल्या गावावरून पडलेलं ‘कर’चं आडनाव, ‘यांजकडून लग्नाप्रीत्यर्थ भेट’, आणि साल १९४१. आपल्याच समाजातलं नाव. नाव इथे देत नाही, कारण घरच्यांना अवघड वाटू नये.

कळशी आम्ही घेतली. तीन-चार फोन केल्यावर घर सापडलं. आजी वारल्यावर फ्लॅट रिकामा केला होता. नातू फोनवर म्हणाला, “ती अक्षरं आहेत? आम्हाला लहानपणापासून वाटायचं ती नक्षी आहे.”

पुढच्या आठवड्यात तो मुलीला घेऊन आला. मुलगी सात-आठ वर्षांची. आम्ही तिला म्हटलं, बोट ठेव आणि वाचू या. तिने बोट उजवीकडच्या टोकाला ठेवलं. बरोबरच आहे, तिची अक्षरं उजवीकडूनच सुरू होतात. आम्ही बोट उचलून डावीकडे आणलं. तिने एकेक ठिपका चाचपत पहिलं अक्षर काढलं आणि विचारलं, “हे आजीने लिहिलंय?” नातवाने कळशी मांडीवर घेतली आणि बराच वेळ खाली ठेवली नाही.

यात त्या घरातल्या कुणाचाच दोष नाही. आजीने आयुष्यभर त्या कळशीत पाणी भरलं, पुढे ती फुलझाडासाठी गॅलरीत गेली. तिला वाटलं असेल, यात सांगायचं काय? आपल्यातल्या पुष्कळांना असंच वाटतं. पण न सांगितलेली वस्तू पुढच्या पिढीला भंगारच दिसते, आणि भंगार शूकात जातं.

आता आपण काय करायचं?

सगळं सामान ठेवता येत नाही. मुलांची घरं लहान आहेत, आणि जुन्या बाजारात वस्तू देण्यात कमीपणाही नाही. कुणाच्या तरी घरी ती पुन्हा उपयोगी पडते. आमचं म्हणणं एवढंच की, आपल्या हयातीत निवड आपण करावी, टेम्पोवाल्याने नव्हे. त्यासाठी काही साध्या गोष्टी:

घरातल्या दहा वस्तू निवडा. दहाच. मलिद्याचं ताट, पुरणयंत्र, किद्दुशचा पेला, मंगळसूत्र, काय असेल ते. प्रत्येकीवर चिठ्ठी बांधा: ही कुणाची, कुठल्या गावाची, कशासाठी वापरायची. चिठ्ठी हिब्रूत लिहा किंवा नातवंडांकडून लिहून घ्या, कारण वाचायची त्यांना आहे.

भांड्यांवरची नावं चिंचेने घासून काढा आणि मोठ्याने वाचून दाखवा.

फोटोंच्या मागे पेन्सिलीने नावं घाला. शूकात आम्ही फोटोंच्या पेट्या पाहिल्या, नऊवारीतल्या, सुटाबुटातल्या माणसांच्या. एकाच्याही मागे नाव नव्हतं. नाव नसलेला माणूस तिथे दोन-चार शेकेलला मिळतो.

कागद शेवटपर्यंत टाकू नका. घर रिकामं करताना सगळ्यात आधी कागदच कचऱ्यात जातो. १८७४ साली पुण्यात मराठी-हिब्रू हग्गादा छापली गेली. तिच्यातल्या चित्रात लुगडी नेसलेल्या आपल्या बायका मात्सा करताना दिसतात. तिच्या मूळ प्रती आता संग्रहालयांत जपून ठेवतात. अशा प्रती कधीकाळी साध्या घरांतल्या फडताळातच होत्या. तुमच्या फडताळात मराठी तेफिल्लाचं पुस्तक, पत्रं, केतुबा असेल आणि घरात ठेवायला कुणी नसेल, तर जेरुसलेमच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला विचारा. ते २०२३ साली नव्या इमारतीत गेलं आहे, आणि ज्यू समाजांचे जुने कागद जमवणं हे त्याचं कामच आहे.

बालमित्रांनो, तुमच्यासाठीही काम आहे. या शुक्रवारी आजीच्या किंवा आजोबांच्या घरी गेलात की स्वयंपाकघरातली अशी एक वस्तू शोधा, जिचं नाव तुम्हाला माहीत नाही. तिचं मराठी नाव विचारा, ती कशी वापरतात ते करून दाखवायला सांगा, आणि तिचं चित्र काढून आमच्याकडे पाठवा. नाव मराठीत लिहायचं, वाकडंतिकडं आलं तरी चालेल. चांगली चित्रं पुढच्या अंकात छापू.

जायचं असेल तर

बाजार रविवार ते गुरुवार सकाळपासून संध्याकाळपर्यंत असतो. शुक्रवारी लवकर आवरतात, शब्बाथला बंद. चादरीवरचा माल बघायचा तर सकाळीच जा. २०२३ च्या ऑगस्टपासून सुरू झालेली रकेवेत काला, म्हणजे लाल मार्गाची गाडी, याफोच्या येरुशलाइम रस्त्यावरून जाते. तिथून बाजार चालत गाठता येतो. ज्येष्ठांनी टोपी, पाणी आणि आरामशीर चपला विसरू नयेत, गल्ल्यांत बसायला जागा कमी आहे. सुट्या नोटा जवळ ठेवा. मोठी नोट दाखवली की मेखीर अखारोन वाढतो.

आणि चादरीवर कुठे देवनागरी अक्षर दिसलं, तर घ्या किंवा नका घेऊ, पण नाव वाचून आम्हाला कळवा. घर शोधायचं काम आम्ही करू.